आइस्क्रीमच्या गाडीचा विमा कसा उतरवावा: आरसी बुकापासून दाव्यापर्यंत

पिकअप किंवा छोटा हत्ती घेऊन त्यावर फ्रीझर बसवून आइस्क्रीम विकणाऱ्या बहुतेक मालकांकडे एकच पॉलिसी असते, ती म्हणजे गाडीची. एजंटाने ‘फुल इन्शुरन्स’ केला आहे असे सांगितलेले असते आणि मालकही फ्रीझर, माल, गिऱ्हाईक आणि मदतनीस अशा सगळ्यांचा विमा झाला असे धरून चालतो. प्रत्यक्षात मोटार पॉलिसी ही रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची पॉलिसी आहे. गाडी कडेला लावून काउंटर उघडला की सुरू होणारा धंदा बहुतांशी तिच्या बाहेर राहतो. दावा नाकारला जातो तेव्हा मालकाला हे पहिल्यांदा समजते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढील टप्पे त्याच क्रमाने करावेत. पहिला टप्पा अपुरा ठेवून तिसऱ्या टप्प्यात कितीही चांगली पॉलिसी घेतली, तरी तिचा पाया कच्चा राहतो.

टप्पा १: गाडीचे कागद आधी सरळ करा

मालवाहू गाडीवर बंद बॉडी, काउंटरची झडप, फ्रीझर किंवा जनरेटर बसवला की गाडीचे मूळ स्वरूप बदलते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलात फरक पडेल असा बदल करण्यासाठी आरटीओची मंजुरी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत तो नोंदवावा लागतो. गाडी कर्जावर असेल, तर वित्तसंस्थेची लेखी संमतीही लागते. बॉडी बनवून देणारा कारागीर ‘काही लागत नाही’ म्हणाला म्हणून हा टप्पा सोडून देऊ नये. अपघातानंतर सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) आरसी बुक आणि उभी गाडी शेजारी ठेवून तपासतो, आणि न नोंदवलेली बॉडी त्याला लगेच दिसते.

त्यानंतर फिटनेस, पीयूसी आणि परमिट पाहावे. ज्या मालवाहू गाडीचे एकूण भारासह वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला कलम ६६ नुसार परमिटची सक्ती नाही. त्याहून मोठ्या गाडीला आहे. चालकाच्या लायसन्सविषयी अजूनही बराच गोंधळ आढळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकते. मात्र लायसन्स मुदतीत असलेच पाहिजे.

गाडी जुनी घेतली असेल, तर आरसी आपल्या नावावर करून घेण्याबरोबरच विमा हस्तांतराचा अर्जही १४ दिवसांत विमा कंपनीकडे द्यावा. थर्ड पार्टी संरक्षण, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचे संरक्षण, कायद्याने नव्या मालकाकडे येते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हस्तांतराची नोंद झाल्याशिवाय मिळत नाही.

*तपासा:* आरसी, अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना आणि बँक खाते ही तिन्ही एकाच नावावर आहेत का? गाडी भावाच्या नावावर, अन्न परवाना पत्नीच्या नावावर आणि धंदा तिसऱ्याचाच, अशी रचना आपल्याकडे सर्रास दिसते. ज्याच्या नावावर वस्तू नाही, त्याला तिच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. म्हणून नावे आधी जुळवावीत. ते शक्य नसेल, तर संबंध स्पष्ट करणारा लेखी करार करून तो विमा प्रस्तावासोबत द्यावा.

टप्पा २: यादी करा आणि किंमत लिहा

एजंटाला फोन करण्यापूर्वी एका कागदावर गाडी, बनवून घेतलेली बॉडी, फ्रीझर, सॉफ्टी मशीन, जनरेटर किंवा इन्व्हर्टर, बॅटऱ्या, रात्री माल ठेवण्याच्या खोलीतील डीप फ्रीझर, भर हंगामात गाडीत असणारा जास्तीत जास्त माल आणि संध्याकाळी गल्ल्यात असणारी जास्तीत जास्त रोकड असे सर्व लिहून काढावे. प्रत्येकासमोर किंमत आणि बिल आहे की नाही याची नोंद करावी. बॉडी बनवणाऱ्याकडून कच्ची पावती घेतली असेल, तर आता पक्के बिल मागून घ्यावे. बिल नसलेल्या वस्तूची किंमत दाव्याच्या वेळी सर्व्हेअर ठरवतो आणि ती क्वचितच मालकाच्या मनासारखी असते.

मालाची किंमत लिहिताना सर्वात मोठी चूक होते. विम्याचा हप्ता कमी यावा म्हणून पावसाळ्यातील माल धरला जातो आणि नुकसान मात्र एप्रिल-मे महिन्यांत, लग्नसराईत किंवा जत्रेत होते. मालमत्तेच्या पॉलिसीत सरासरीची अट असते, तिचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, गाडीत ६०,००० रुपयांचा माल आहे, विमा ३०,००० रुपयांचा आहे आणि २०,००० रुपयांचा माल वितळला. नुकसान विमा रकमेच्या आत आहे म्हणून पूर्ण भरपाई मिळेल, असे मालकाला वाटते. पण विमा निम्म्याच मालाचा असल्यामुळे भरपाईही निम्मी, म्हणजे १०,००० रुपये, आणि त्यातूनही वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, कापून उरलेली रक्कम मिळते. म्हणून आकडा नेहमी हंगामातील कमाल मालाचा धरावा.

टप्पा ३: मोटार पॉलिसी ओळीओळीने वाचा

थर्ड पार्टी विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये आणि पुढच्या गुन्ह्याला ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. या भागाचा हप्ता केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. कंपन्यांमधील फरक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात असतो. तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यू किंवा इजेची जबाबदारी अमर्याद असते. तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा मात्र व्यापारी वाहनाच्या रूढ पॉलिसीत साडेसात लाख रुपये असते आणि हप्त्यात थोडी सूट घेऊन ती ६,००० रुपयांवर आणण्याचा पर्याय असतो. ही सूट घेऊ नये. एखाद्या नव्या मोटारीला धक्का लागला, तरी ६,००० रुपये पुरणार नाहीत.

आता ज्या चार गोष्टींवर आइस्क्रीमच्या गाड्यांचे दावे अडतात, त्या पॉलिसीच्या परिशिष्टात बोट ठेवून पाहाव्यात.

पहिली गोष्ट आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत. रूढ कोष्टकानुसार गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के आणि चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के घसारा, म्हणजे वयामुळे किमतीत होणारी घट, धरला जातो. परंतु ही किंमत कंपनीतून निघालेल्या गाडीची असते. तुम्ही नंतर दीड-दोन लाख खर्चून बॉडी बनवली असेल, तर ती रक्कम वेगळी दाखवल्याशिवाय आयडीव्हीत येत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि तेव्हा हाच आकडा हातात पडतो.

दुसरी गोष्ट आयएमटी २३ या क्रमांकाचे पृष्ठांकन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडले जाणारे जादा कलम. खासगी मोटारीची सवय असलेल्या मालकांना हे माहीतच नसते की, व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटच्या बाजू, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान, गाडी पूर्ण नष्ट झाल्याशिवाय, मूळ संरक्षणात मिळत नाही. गर्दीच्या रस्त्यांवर आणि जत्रेच्या मैदानात गाडीचे हेच भाग रोज घासतात. जादा हप्ता देऊन हे पृष्ठांकन घेता येते, ते घ्यावे.

तिसरी गोष्ट आयएमटी २४. कंपनीने दिलेल्या नसलेल्या, नंतर बसवलेल्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी हे पृष्ठांकन असते आणि त्याचा हप्ता उपकरणाच्या किमतीच्या साधारण ४ टक्के येतो. फ्रीझर यात नाव आणि किमतीसह नोंदवता येईल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. नोंद झाली तरी संरक्षण अपघात, आग, चोरी अशा कारणांपुरतेच असते. कॉम्प्रेसर आपोआप जळाला, तर तो यांत्रिक वा विद्युत बिघाड ठरतो आणि या पृष्ठांकनातून स्पष्टपणे वगळलेला असतो.

चौथी गोष्ट जादा भार. भार जास्त झाल्यामुळे किंवा ताण आल्यामुळे झालेले नुकसान पॉलिसीत वगळलेले असते. भरलेला फ्रीझर, बॅटऱ्या, जनरेटर, बॉडी आणि दोन माणसे यांचे वजन एकत्र केले, तर लहान गाडीची क्षमता किती लवकर संपते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि आरसीवरील आकड्याशी ताडून पाहावी.

*इशारा:* परिशिष्टातील ‘वापराची मर्यादा’ हा रकाना वाचल्याशिवाय हप्ता भरू नका. तिथे फक्त मालवाहतूक लिहिलेली असेल आणि गाडी दिवसभर एका जागी उभी राहून विक्री करत असेल, तर ही विक्री कंपनीला कळवून तिची नोंद करून घ्या.

टप्पा ४: फ्रीझर आणि त्यातील माल

फ्रीझरच्या अंतर्गत बिघाडासाठी यंत्र बिघाड विमा वेगळा घ्यावा लागतो. माल खराब होण्याचा विमा, ज्याला साठा नासण्याचा विमा म्हणतात, तो बहुधा या यंत्र बिघाड विम्याला जोडूनच दिला जातो. यंत्राचा विमा नसताना केवळ मालाचा मागायला गेल्यास नकार मिळतो. ही पॉलिसी मुळात शीतगृहांसाठी आखलेली आहे, त्यामुळे फिरत्या गाडीसाठी प्रत्येक कंपनी तयार होईलच असे नाही. दोन-तीन कंपन्यांकडे लेखी विचारणा करावी आणि ‘फिरत्या वाहनात बसवलेले उपकरण’ हे शब्द प्रस्तावात स्वच्छ लिहावेत.

या पॉलिसीत एक विनादावा कालावधी ठरलेला असतो. थंड करणे बंद पडल्यावर दार बंद ठेवले, तर जितका वेळ माल टिकायला हवा, तितक्या वेळात झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. उन्हात उभ्या असलेल्या आणि दर पाच मिनिटांनी उघडणाऱ्या फ्रीझरला शीतगृहाइतका कालावधी लावणे अन्यायाचे आहे. पॉलिसी निघण्यापूर्वीच हा कालावधी कमी करण्याविषयी बोलावे.

रात्रीच्या खोलीतील डीप फ्रीझर आणि साठा यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली असून, एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला आग आणि तत्सम आपत्तींपासून संरक्षण देते. लक्षात ठेवण्याची बाब अशी की, ती पत्त्याशी बांधलेली असते. घराच्या पत्त्यावर दुकानदारांची पॅकेज पॉलिसी घेऊन तिच्यात गाडीतला माल धरला आहे असे समजणारे मालक अनेक आहेत; सकाळी माल खोलीतून गाडीत गेला की तो त्या पॉलिसीच्या बाहेर जातो.

चोरीविषयी एकच सूचना. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने प्रवेश केल्याची खूण लागते. काउंटरची झडप नुसत्या कडीवर ठेवून गाडी रस्त्यावर उभी केली आणि माल गेला, तर दावा टिकणे कठीण आहे.

टप्पा ५: गिऱ्हाइकांविषयीची जबाबदारी

हा टप्पा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नुकसान आपल्या मालाइतके मर्यादित राहत नाही. आपली गिऱ्हाइके बहुतांशी लहान मुले आहेत.

मागे घेताना गाडीचा धक्का एखाद्या मुलाला लागला, तर ते मोटार पॉलिसीच्या थर्ड पार्टी भागात येते. उभ्या गाडीची लोखंडी झडप निसटून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडली किंवा जनरेटरच्या वायरचा शॉक बसला, तर तो वाहनाचा वापर होता की व्यवसायाचा, यावर वाद होऊ शकतो. त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा हवा. आइस्क्रीम खाऊन विषबाधा झाली, तर त्याला उत्पादन दायित्व विमा लागतो. तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत वाहनामुळे झालेली इजा सहसा वगळलेली असते, म्हणून दोन्ही पॉलिसींची अपवादांची पाने शेजारी ठेवून मधे फट राहते का, ते पाहावे.

विषबाधेच्या बाबतीत कायदा कडक आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाई द्यायला लावता येते. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नामांकित कंपनीचे बंद कप विकणारा मालक विक्रेता असतो; मशीनवर सॉफ्टी काढणारा, कुल्फी स्वतः जमवणारा किंवा वरून सॉस आणि सुकामेवा घालून देणारा मालक मात्र उत्पादकाच्या जवळ जातो. प्रस्तावात आपण काय विकतो हे नेमके लिहावे. ‘पॅकबंद आइस्क्रीम’ लिहून सॉफ्टी विकली, तर पॉलिसी असून नसल्यासारखी होईल.

दायित्वाच्या पॉलिसीत दोन आकडे असतात: एका घटनेसाठीची मर्यादा आणि पूर्ण वर्षासाठीची मर्यादा. शाळेच्या कार्यक्रमात एकाच दिवशी पंचवीस मुले आजारी पडली, तर ती एक घटना धरली जाऊ शकते, म्हणून पहिला आकडा पुरेसा ठेवावा. या पॉलिसी सामान्यतः दावा कोणत्या मुदतीत आला यावर चालतात आणि त्यांत एक पूर्वलक्षी तारीख असते, म्हणजे त्या तारखेनंतरच्या घटनांचेच दावे धरले जातात. नूतनीकरणात खंड पडला की ही तारीख पुढे सरकते आणि आधीच्या काळातील घटनांचे संरक्षण जाते.

टप्पा ६: मदतनीस आणि आपण स्वतः

एकच मदतनीस असला, तरी कामावर असताना त्याला इजा झाल्यास भरपाईची कायदेशीर जबाबदारी मालकावर येते. मोटार पॉलिसीत पगारी चालक आणि क्लीनर यांच्यासाठी थोड्या हप्त्यात दायित्वाचे पृष्ठांकन मिळते, ते घ्यावेच. परंतु काउंटरवर उभा राहून माल देणारा मुलगा क्लीनर ठरेलच असे नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी घेऊन तिच्यात त्याचे खरे काम आणि खरे वेतन लिहावे. बालकामगार कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्याचा विमाही होत नाही.

मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. त्यासाठी मालकाकडे वैध लायसन्स असावे लागते. हा विमा फक्त मालक-चालकाचा असतो, पगारी चालकाचा नाही.

टप्पा ७: प्रस्ताव अर्ज स्वतः भरा

एजंट ‘इथे सही करा, बाकी मी भरतो’ म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. व्यवसायाचे स्वरूप, मागील दावे, गाडीतील बदल आणि विक्रीची ठिकाणे यांची उत्तरे स्वतः लिहावीत आणि सही केलेल्या अर्जाची प्रत किंवा फोटो ठेवावा. एजंटाने चुकीची माहिती भरली होती, हे दाव्याच्या वेळी सिद्ध करणे फार अवघड असते, कारण सही आपली असते.

विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारत नाही. त्यामुळे ‘पैसे उद्या द्या, पॉलिसी आजची करतो’ या आश्वासनावर गाडी बाहेर काढू नये. पॉलिसी हाती आल्यावर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आणि मागितलेली सर्व पृष्ठांकने त्याच दिवशी तपासावीत व चूक असल्यास ईमेलने दुरुस्ती मागावी.

टप्पा ८: रोजची नोंद

गोठवलेल्या अन्नासाठी उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमान ही स्वीकृत पातळी आहे. सकाळी गाडी भरताना, दुपारी आणि रात्री असे तीन वेळा तापमान वहीत लिहावे. त्यासोबत मालाची खरेदी बिले आणि बॅच क्रमांक तारखेनिहाय ठेवावेत. ही वही दाव्यात दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते: माल किती होता ते दाखवते आणि तो नीट राखला होता हेही दाखवते. फ्रीझरच्या देखभालीची पावती वर्षातून निदान एकदा, हंगामाआधी, फाइलमध्ये असावी.

एकदा वितळलेला माल पुन्हा गोठवून विकू नये. यात मुलांच्या आरोग्याचा प्रश्न तर आहेच, पण मालकाला माहीत असताना विकलेल्या खराब मालाची जबाबदारी कोणतीही कंपनी घेणार नाही.

टप्पा ९: घटना घडल्यावर

१. कोणी जखमी असेल, तर आधी उपचार मिळवून द्यावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार हे चालकाचे कर्तव्य आहे, तसेच शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांना कळवणेही बंधनकारक आहे.

२. जागेवर चूक कबूल करू नये, पैसे देण्याचे लिहून देऊ नये. कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड कंपनीवर बंधनकारक नसते.

३. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल करावा, दावा क्रमांक लिहून घ्यावा. चोरी असेल, तर पोलिसांत तक्रार आधी. गाडीच्या दोन्ही चाव्या कंपनी मागते, म्हणून दुसरी चावी आजच शोधून ठेवावी.

४. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी उघडू नये, दुरुस्ती सुरू करू नये आणि नासलेला माल फेकू नये. माल ठेवणे अशक्य असेल, तर बॅच क्रमांक दिसतील असे फोटो काढून, डबे मोजून, कंपनीला ईमेल करून विल्हेवाटीची परवानगी मागावी.

*तपासा:* दुरुस्तीच्या बिलात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकचे भाग, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के, तर फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा नसतो. फायबरची बॉडी असलेल्या मालकाने ही कपात आधीच गृहीत धरावी.

टप्पा १०: दावा नाकारला गेला तर

नकाराचे कारण आणि पॉलिसीतील नेमके कलम लेखी मागावे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क जाता येते. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसींना हा मार्ग खुला आहे, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. उद्यम नोंदणी असल्यास सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा तयारच राहतो. ग्राहक आयोगाचा मार्ग निवडल्यास मुदत दोन वर्षांची आहे. मात्र एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

दावा मंजूर होवो वा न होवो, नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर ५० टक्क्यांपर्यंत वाढत गेलेली विनादावा सूट, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येते. पावसाळ्यात गाडी बंद असते म्हणून विमा थांबवणाऱ्या मालकांचे हेच नुकसान होते, आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत पाणी शिरले तर त्याची भरपाईही मिळत नाही.